आधी कीबोर्ड उलटा करा

दिवाळीची साफसफाई आपण इथेही करतो. ऑस्ट्रेलियात ती ऐन वसंतात येते आणि माळ्याऐवजी गराज आवरावं लागतं, एवढाच फरक. पण ज्याला दिवसभर आपली बोटं लागतात, तो लॅपटॉपचा कीबोर्ड तुम्ही शेवटचा कधी पुसलात?

गेल्या वर्षी माझं 'डी'चं बटण अडकू लागलं. मी इन्स्क्रिप्टमध्ये मराठी लिहिते आणि त्यात अक्षराचा पाय मोडायची खूण नेमकी त्याच बटणावर. 'ज्येष्ठ' लिहावं तर 'जयेषठ' उमटे! दुकानदार म्हणाला, कीबोर्ड वरच्या भागाला रिबिटांनी ठोकलेला आहे, अख्खा भाग बदलावा लागेल, त्यापेक्षा नवा घ्या. लेकीचंही तेच, "आई, पाच वर्षं झाली, घे ना नवीन."

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. ब्युरेट कळकट झाली म्हणून फेकायची आमच्या प्रयोगशाळेत सोय नव्हती. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, तिरपा धरला (ॲपलच्या सूचनेत ७५ अंशांचा कोन सांगितला आहे) आणि फटींत दाबलेल्या हवेचा फवारा मारला. काय पडलं? चकलीचा चुरा आणि तिळाचा तुकडा. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन बटणं पुसली. ते तेलकटपणा काढतं आणि चटकन उडून जातं. कापड ओलसर हवं, निथळतं नको. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लावू नका, त्यातलं ॲसिटोन काही प्लास्टिक चक्क विरघळवतं.

चहा सांडला तर गोष्ट वेगळी. लगेच बंद करा, पालथा घाला आणि जाणकाराकडे न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून आतली साखर निघत नाही.

तरुण वाचकांनो, हवामानबदलावर तुम्ही आम्हाला ऐकवता, ते योग्यच आहे. मग तिळाएवढ्या कारणासाठी लॅपटॉप का टाकता? व्हिक्टोरियात १ जुलै २०१९ पासून ई-कचरा घरच्या बिनमध्ये टाकायला बंदी आहे. प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०२१ साली दुरुस्तीच्या हक्कावर सरकारला अहवालही दिला. तो हक्क पुरता मिळेल तेव्हा मिळेल. कापड आणि दहा मिनिटं तर आजही घरात आहेत.

हा लेख त्याच लॅपटॉपवर लिहिला आहे. जोडाक्षरं नीट उमटली आहेत ना, ते संपादकांनी पाहावं.