पूर्ण वर्तमानकाळ : पाठ करावा की समजून घ्यावा?

इंग्रजी व्याकरणातील काळांचे कोष्टक आमच्या विद्यार्थ्यांना बहुधा तोंडपाठ असते. 'हॅव' अथवा 'हॅज' घ्यावे, त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप ठेवावे, की पूर्ण वर्तमानकाळ सिद्ध झाला, हे सूत्र आठवीतील कोणीही न अडखळता सांगेल. परंतु हेच विद्यार्थी चार ओळींचे पत्र इंग्रजीत लिहावयास बसले म्हणजे सूत्र एकीकडे राहते आणि वाक्य दुसरीकडे जाते. असे का व्हावे? मुले आळशी आहेत, किंवा मराठी माध्यमात शिकणाऱ्यांना इंग्रजी यावयाचेच नाही, ही दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. आम्हांस ती दोन्ही मान्य नाहीत. आमचे मत असे की, हा काळ आपण इंग्रजीच्या पुस्तकातून पाठ करतो. पण आपल्या तोंडच्या भाषेत तो कसा वावरतो, हे पाहतच नाही. खरी अडचण तेथे आहे.

हा काळ आपणांस परका नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पडला आहे' ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात घडलेली गोष्ट सांगितली. दुसऱ्यात तिची खूण अजून समोर आहे, अंगण ओले आहे, पाय जपून टाका, असेही सुचविले. क्रिया मागे पडली, तिचा परिणाम मात्र आज हजर आहे, हाच या काळाचा गाभा होय.

आमच्या घरची भाषा कोकणी. कोकणीत 'तो गेलो' म्हणजे मराठीतील 'तो गेला', आणि कोकणीत 'तो गेला' म्हणजे मराठीतील 'तो गेला आहे'. केवळ शेवटच्या स्वराच्या फरकाने काळ बदलतो, आणि कोकणी घरातील चार वर्षांचे मूलही त्यात चुकत नाही. बेळगावच्या बाजारात जी कन्नड आपल्या कानांवर पडते, तिच्यातही हा भेद आहे. 'बंदनु' म्हणजे 'आला' आणि 'बंदिद्दाने' म्हणजे 'आला आहे'. म्हणजे आमच्या सीमाभागातील विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गात येतो, तो हा काळ दोन-दोन, तीन-तीन भाषांतून वापरूनच येतो. मग त्याच्यापुढे हा विषय जणू विलायतेहून आजच उतरला आहे, अशा थाटात का मांडावा?

आता भेद कोठे आहेत ते पाहू. पहिला भेद साहाय्यक क्रियापदाचा. मराठी हा काळ 'असणे' या क्रियापदाने साधते. कन्नडही 'इरु', म्हणजे 'असणे', याच धातूची मदत घेते. इंग्रजीत मात्र 'हॅव', म्हणजे 'जवळ असणे', येते. मराठीत 'जवळ असणे' यासाठी स्वतंत्र क्रियापद नाही. आपण 'माझ्याजवळ पुस्तक आहे' असे म्हणतो. म्हणून मुलाला हा 'हॅव' कोठून आला ते उमगत नाही. जुन्या इंग्रजीत 'माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेल्या स्थितीत' अशा अर्थाची वाक्यरचना होती. तिच्यातूनच पुढे 'आय हॅव रिटन द लेटर' हे वाक्य आले. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना तर इंग्रजी एके काळी आपल्यासारखाच 'असणे' हा धातू लावीत असे. 'ही इज कम' हा प्रयोग जुन्या ग्रंथांत आढळतो. एवढे सांगितले तरी सूत्राला अर्थ येतो.

दुसरा भेद निश्चित वेळेचा. 'मी हे पत्र कालच लिहिले आहे' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. इंग्रजीत 'यस्टरडे' आले की 'हॅव' निघून गेले पाहिजे. नोकरीच्या अर्जात 'आय हॅव पास्ड द एक्झामिनेशन इन २०१९' असे वाक्य वारंवार आढळते. लिहिणाऱ्याने मराठीतील 'झालो आहे' प्रामाणिकपणे उतरविले. पण साल सांगताच इंग्रजीला साधा भूतकाळ हवा असतो. साल गाळले तर तेच वाक्य शुद्ध होते.

तिसरा भेद अधिक महत्त्वाचा. 'मी पाच वर्षांपासून या शाळेत शिकत आहे' हे आपण वर्तमानकाळात म्हणतो, कारण शिकणे आज चालू आहे. इंग्रजी म्हणते, ते मागे सुरू होऊन आजपर्यंत पोहोचले, म्हणून पूर्णकाळ हवा. शिवाय आपला एकच 'पासून' तेथे दोन ठिकाणी विभागला जातो. आरंभ सांगावयाचा तर 'सिन्स', मुदत सांगावयाची तर 'फॉर'. म्हणून 'आय अ‍ॅम स्टडिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' या वाक्यात दोन दोष होतात, आणि दोन्हींचे मूळ शुद्ध मराठीत असते.

'अर्थ समजला म्हणजे झाले, एवढा काटेकोरपणा कशाला?' असे कोणी विचारील. पुष्कळ वेळा अर्थ समजतो, हे खरे. पण परगावच्या डॉक्टरांना 'आय हॅड फीव्हर फॉर थ्री डेज' असे सांगितले, तर ताप येऊन गेला असे ते समजतील. ताप अंगात असेल तर 'आय हॅव हॅड' म्हणावे लागेल. अर्जात 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' लिहिले, तर ती नोकरी सुटली असा अर्थ होतो. ती चालू असल्यास 'आय हॅव वर्क्ड' पाहिजे. तसेच 'काशीला गेले आहेत' आणि 'काशीला जाऊन आले आहेत' यांतील अंतर इंग्रजी 'हॅव गॉन' आणि 'हॅव बीन' यांनी दाखविते. हा निव्वळ गुणांचा प्रश्न नव्हे. आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत सरळ पोहोचते की नाही, हा प्रश्न आहे.

आणखी एक भेद आम्हांस फार विचार करण्याजोगा वाटतो. 'तुकारामांनी म्हटले आहे' असे आपण सहज बोलतो. तुकाराम महाराजांना जाऊन पावणेचारशे वर्षे होत आली; तरी आपण 'आहे' म्हणतो, कारण त्यांचे बोलणे आपल्यापुरते संपलेले नाही. हयात नसलेल्या माणसाच्या कृतींविषयी इंग्रजी सामान्यतः पूर्ण वर्तमानकाळ योजीत नाही. ती साध्या भूतकाळात सांगते, किंवा वचन उद्धृत करावयाचे असल्यास सरळ वर्तमानकाळात. येथे कोणाची भाषा श्रेष्ठ हा वाद निरर्थक आहे. काय संपले आणि काय अजून चालू आहे, याची सीमारेषा प्रत्येक भाषा आपापल्या ठिकाणी आखते. इंग्लंड आणि अमेरिका यांतही ती रेषा हुबेहूब एक नाही. 'मी आत्ताच जेवलो' हे इंग्रज बहुधा पूर्णकाळात सांगतो, तर अमेरिकन माणूस साध्या भूतकाळातही सांगतो.

म्हणून आमची सूचना अशी. हा काळ शिकविताना पहिला तास फळ्यावर केवळ मराठी वाक्यांचा असावा. 'आला' आणि 'आला आहे' यांत फरक काय, हे मुलांनीच सांगावे; ज्यांच्या घरी कोकणी वा कन्नड आहे, त्यांनी आपली वाक्ये द्यावीत. दुसऱ्या तासाला ती इंग्रजीशेजारी ठेवावीत आणि कोठे जुळतात, कोठे फाटा फुटतो, ते पाहावे. सूत्र त्यानंतर यावे. 'हे जुने भाषांतराचे वळण झाले, मुलांनी इंग्रजीतच विचार करावयास हवा' असा आक्षेप येईल. ज्याच्या घरी, शेजारी इंग्रजी बोलले जाते त्याला तो मार्ग सुलभ आहे. आमच्या मुलांच्या मनात मराठी वाक्य आधी उमटणारच. ते उमटू नये म्हणून धडपडण्यापेक्षा त्याच्याकडे नीट पाहणे शहाणपणाचे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आधीच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्याही दोन भाषा शेजारी ठेवूनच.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाच्या तोंडून 'सिन्स फाइव्ह इयर्स' आले, तर घरात हसू नये. त्या चुकीत अज्ञान नसते. स्वतःच्या भाषेचे पक्के ज्ञान असते, ते केवळ भलत्या जागी वापरले जाते. ज्याला एकदा हसले गेले, तो पुढे बोलेनासा होतो, आणि न बोलणाऱ्याची चूक सुधारता येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, सुटीत आपल्या घरातील बोलणे लक्षपूर्वक ऐका. आजी कधी 'आला' म्हणते आणि कधी 'आला आहे', हे वहीत टिपून ठेवा. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ती वही घेऊन इंग्रजीच्या तासाला या. इंग्रजीचा हा काळ तुम्हांस पूर्वीइतका अवघड वाटणार नाही, असा आम्हांस विश्वास वाटतो.