बेटावरचे तळे आणि पाणपक्षी

चार्ल्स डार्विन याने एका लहानशा तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल आणून आपल्या अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि सहा महिने त्यातून उगवणारे प्रत्येक रोप उपटून मोजले. रोपे भरली ५३७. आणि तो सगळा चिखल न्याहारीच्या एका पेल्यात मावेल एवढाच! हा प्रयोग त्याने १८५९ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात नमूद केला आहे. गोड्या पाण्यातील त्याच त्या वनस्पती दूरदूरच्या खंडांत आणि एकाकी बेटांवरही कशा आढळतात, हा त्याचा प्रश्न होता; पाणपक्ष्यांच्या पायांस चिकटलेला चिखल, हे त्याचे उत्तर. पुढील संशोधकांनी त्यात महत्त्वाची भर घातली. बदकांनी गिळलेल्या बियांपैकी काही न पचता विष्ठेवाटे बाहेर पडतात व रुजतात. बहुतेक काही तासांतच पडून जातात. परंतु एखादी दिवसभर पोटात राहिली, तर तेवढ्यात पक्षी शेकडो मैल गेलेला असतो.

हवाई बेटे कोणत्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर आहेत. तेथील मूळच्या सपुष्प वनस्पतींपैकी शेकडा नव्वदच्या सुमारास जगात अन्यत्र नाहीत. तळ्यांची गोष्ट मात्र निराळी. तेथील मचूळ पाण्यात वाढणारी रुप्पिया आपल्या चिल्का सरोवरातही आहे. आपल्याकडे हिवाळ्यात उतरणारी तलवार बदके व थापटे तेथेही उतरतात.

निसर्गरक्षणाची चर्चा निघाली की ‘अन्यत्र न आढळणारे ते मोलाचे’ ही कसोटी पुढे येते. माझ्या मते तिने तळ्यांवर अन्याय होतो. रुप्पिया सर्वत्र आहे म्हणून ती क्षुल्लक ठरत नाही. ती तेथवर पोचली, यातच पक्ष्यांच्या ये-जा करण्याची साक्ष आहे. भाषांतर करताना ‘बीजप्रसार’ या रूढ शब्दापेक्षा मला ‘बीजवहन’ अधिक रुचतो, तो याचसाठी. वहन म्हटले की वाहणारा कोण, हे विचारावेच लागते.

पक्षी उपयुक्त रोप व उपद्रवी तण असा भेद करीत नाहीत, हे खरे. तथापि वाहकच नाहीसे होऊ देणे हा त्यावर उपाय नव्हे. हवाईत पाण्यात लावलेली अळूची शेते कमी झाली, दलदली बुजविल्या गेल्या, आणि माणसांनी आणलेल्या बदकांशी संकर होऊन तेथील कोलोआ हे स्थानिक बदक शुद्ध रूपात मुख्यत्वे कौआई बेटावर उरले आहे. तरीही बहुतेक ठिकाणी पक्ष्यांची गणना एक खाते करते आणि पाणवनस्पतींची दुसरे. दोन्ही नोंदी एकाच तळ्याच्या नावाखाली, एकाच वहीत व्हाव्यात, एवढेच माझे मागणे आहे.