माळशेज उतरलं की विद्यापीठ बदलतं

ओतूरहून आळेफाटा, तिथून संगमनेर. जिल्हा बदलला, पण विद्यापीठ तेच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. आता उलट दिशेने माळशेज उतरून मुरबाड-कल्याण गाठा, म्हणजे तुम्ही मुंबई विद्यापीठात शिरलात. जुन्नर-आंबेगावातली कितीतरी घरं अर्धी गावात, अर्धी मुंबईत. त्यामुळे एफवाय मंचरला किंवा जुन्नरला करून एसवायला काकाकडे कल्याणला जायचा विचार इथे नवा नाही. प्रश्न एवढाच, की केलेलं वर्ष सोबत येतं का?

कागदावर येतं. यूजीसीने 2021 मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं धोरण लागू झालं आणि मार्कांसोबत क्रेडिट्स हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. वर्षाला साधारण 44, तीन वर्षांच्या पदवीला 132 पर्यंत. खात्यात जमा झालेली क्रेडिट्स सात वर्षं टिकतात. ती तुम्ही स्वतः भरू शकत नाही, संस्थाच भरते. म्हणून आधी डिजिलॉकर उघडून बघा, तुमची जमा झालीत का. ‘एबीसी आयडी काढलाय ना’ एवढ्यावर खूश होऊ नका. पासबुक असणं वेगळं, त्यात पैसे असणं वेगळं!

खरी मेख पुढे आहे. 2021 च्या नियमांनुसार जी संस्था पदवी देणार, तिथे किमान निम्मी क्रेडिट्स मिळवावी लागतात. गणित करून बघा. एफवायनंतर गेलात तर 88 उरतात, निम्म्याहून जास्त, अडचण नाही. पण एसवाय करून टीवायला निघालात तर उरतात 44 आणि लागतात 66. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीसाठी विद्यापीठ बदलायचं तर ते एफवायनंतरच.

तेव्हाही दार आपोआप उघडत नाही. क्रेडिट्सचा आकडा जुळला तरी विषय जुळायला हवेत. तुमचा मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह तिकडच्या चौकटीत बसतो का, हे नवं विद्यापीठ तपासतं. शिवाय एसवायला जागा रिकामी लागते. मला विचाराल तर बँकेचं नाव मोठं असलं, तरी मुलाचं वर्ष अजून त्या रिकाम्या जागेवर आणि विषयांच्या तक्त्यावरच ठरतं.

पुण्यातच जायचं असेल तर विद्यापीठ तेच, मायग्रेशन लागत नाही. मात्र फर्ग्युसनसारख्या स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो, तिथे विषय जुळवण्याचा प्रश्न पुन्हा येतोच.

आता क्रम. बरेच जण इथेच फसतात. उत्साहात आधी टीसी काढतात, मग तिकडे जागा नाही म्हणून कळतं आणि इकडचा प्रवेशही गेलेला असतो. आधी दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत घेऊन नव्या कॉलेजात जा. जागा आहे आणि विषय चालतात, हे लेखी घ्या. मग टीसी, मग मायग्रेशन, मग तिकडची एलिजिबिलिटी. एटीकेटी असेल तर तिचं काय होणार, तेही त्याच वेळी विचारा.

महाडीबीटीवर शिष्यवृत्ती चालू असेल किंवा घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून वसतिगृहाची सोय असेल, तर कॉलेज बदलल्यावर ती पुढे कशी चालणार, हे टीसीच्या अर्जावर सही करण्याआधी त्या त्या टेबलावर जाऊन विचारा.