गाडीचे दागिने आणि आपली हाडे

परवा रात्री दवाखाना आवरायच्या बेतात असताना एक ओळखीचा मुलगा आत आला. मुलगा म्हणायचे ते सवयीने. वय अठ्ठावीस, सहकारी बँकेत नोकरी, लग्नाला दोन वर्षे झालेली. गोवराची लस त्याला मीच टोचली होती, म्हणून माझ्या लेखी तो मुलगाच. जूनमध्ये मित्रांबरोबर लडाखला मोटारसायकलवरून जायचे आहे, त्यासाठी डॉक्टरचा दाखला हवा, असे म्हणाला. गाडी नवी घेतली आहे, हिमालयन ४५०. पाडव्याला घरी येणार.

रक्तदाब पाहिला, छाती तपासली, लघवीत साखर नाही ना तेही पाहिले. प्रकृती ठणठणीत. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तिथे पोहोचल्यावर दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही, डोके फार दुखू लागले किंवा बसल्या जागी धाप लागली तर वर न जाता खाली उतरायचे, हे बजावून दाखला दिला. तेव्हा त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "डॉक्टरकाका, तुम्हीही गाडीवाले. हे सामान बसवून घेतोय, जरा नजर टाका."

कागदावर होते ते असे : क्रॅश गार्ड, फॉग लाइटची जोडी, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, ॲल्युमिनियमच्या तीन पेट्या, उंच काच, हँडल उंच करणारे तुकडे, मोबाइलचा होल्डर, रंगीत पट्ट्या. बेरीज बहात्तर हजार. सर्वांत खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'हेल्मेट : आहे तेच.'

वाचकहो, नव्या गाडीला नटवायची हौस मला कळते. तरुणपणी माझ्या येझदीला मी स्वतः लाल रेक्झिनचे सीट शिवून घेतले होते. पण गेली तीस वर्षे गाडीवरून पडलेली माणसे तपासून माझे एक मत झाले आहे. ते असे, की नव्या गाडीबरोबर जो जादा खर्च करायचा तो अंगापासून सुरू करून बाहेर जावा. आधी अंगावर चढते ते, मग अंगाला टेकते ते, मग सामान, आणि पैसे उरलेच तर शोभा. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

आधी क्रॅश गार्डचे बघू, कारण यादीत पहिला नंबर त्याचा होता. 'पाय वाचतात' म्हणून लोक तो बसवतात. १९८१ साली अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. लॉस एंजेलिस परिसरातील नऊशे मोटारसायकल अपघात त्यांच्या माणसांनी जागेवर जाऊन तपासले होते. त्यात असे दिसले, की गार्डमुळे घोट्याच्या आणि पावलाच्या दुखापती कमी होतात, पण तेवढ्याच प्रमाणात गुडघ्याच्या, नडगीच्या आणि मांडीच्या वाढतात. म्हणजे हिशेब जिथल्या तिथे. लडाखच्या दगडधोंड्यांत १९६ किलोची गाडी उभ्याउभ्या आडवी झाली तर इंजिन आणि टाकी वाचावी म्हणून गार्ड जरूर लावावा. तो गाडीसाठी आहे. पायासाठी घोटा पूर्ण झाकणारा जाड बूट लागतो, आणि तो यादीत नव्हता.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला फार पटते. बहुतेक अपघात लांबच्या सफरीत होत नाहीत. जवळच्याच कामाला निघालेले असताना, निघाल्या ठिकाणापासून थोड्याच अंतरावर होतात. आपल्या गावात याचा पडताळा रोज येतो. जाकीट आणि हातमोजे लडाखसाठी कपाटात घडी करून ठेवायचे आणि मंडईला बनियनवर जायचे, हा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे.

हातमोज्यांचे महत्त्व मला माझ्या मनगटाने शिकवले. १९९६ च्या पावसाळ्यात रात्री एका वाडीवर व्हिजिटला निघालो होतो. वेग तीसच्या आत. खडीवर चाक घसरले आणि मी उजव्या तळहातावर पडलो. पडताना माणूस हात पुढे करतो, त्याला इलाज नाही. तळहाताची साल निघाली, त्यात खडी आणि डांबर रुतले, ते माझ्या कंपाउंडरने ब्रशने घासून काढले तेव्हा मी डॉक्टर असून ओरडलो. मनगट दुखत होते, पण एक्स-रेत काही दिसले नाही. मी मुरगळले समजून क्रेप बँडेज बांधले. वास्तविक मनगटात स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड असते, त्याची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, हे मी पुस्तकात वाचलेले होते. रुग्णाला मी दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला लावला असता, स्वतःला लावला नाही. ते हाड नीट जुळलेच नाही. आजही रक्तदाबाचा फुगा दाबताना मनगट ठणकते. तळव्याला कडक गादी असलेल्या हातमोज्याने हाड वाचलेच असते असे मी म्हणणार नाही, पण कातडी नक्की वाचली असती.

जाकिटाच्या बाबतीत एक फसगत होते. खांद्याला आणि कोपराला टणक पॅड असतात, आणि पाठीत नुसता स्पंजाचा तुकडा घातलेला असतो. दुकानात पाठीचा खण उघडून बघावा. चांगल्या पॅडवर ईएन १६२१ असा युरोपचा मानक क्रमांक छापलेला असतो. नसेल तर पाठीचे पॅड वेगळे विकत घ्यावे. रंगाच्या बाबतीत काळ्याचा मोह सोडावा. पिवळा, केशरी रंग दुरून दिसतो, आणि समोरच्या टेम्पोवाल्याला तुम्ही दिसणे याला फार किंमत आहे. आणि पाठीवर सॅक नको. पान्हे, कुलूप, कॅमेरा पाठीवर बांधून माणूस उताणा पडला तर ते सगळे मणक्यात घुसायला बघते. खांदे आणि मान दुखतात ते वेगळेच.

अंगाला टेकते त्यात सीट आणि हँडल. या गाडीचे सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटरवर असते. आमचे चिरंजीव पाच फूट चार इंच! चढावर थांबताना पाय नीट टेकला नाही की माणूस गाडीसकट आडवा होतो. तेव्हा पेट्यांच्या आधी बुटके सीट मिळते का ते विचार, म्हटले. मूळव्याध असणाऱ्यांनी तर सीटवर पैसे टाकावेत आणि दर तासा-दीड तासाने उतरून चालावे. दूरच्या प्रवासानंतर करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते, अशी तक्रार घेऊन लोक येतात. मूठ घट्ट आवळून मनगट वाकवून ठेवले की तळहातातून जाणारी शीर दबते. त्यासाठी हँडल उंच करायचे तुकडे घेण्यापूर्वी मेकॅनिकला क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांचा कोन बदलून द्यायला सांगावे. हात सरळ ठेवून मनगट न वाकता दांडी बोटांखाली आली पाहिजे. याला एक रुपया पडत नाही. मागे माणूस आणि सामान असेल तर मागचा शॉकॲबसॉर्बर कडक करून घ्यावा आणि चाकात हवा कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे भरावी. हेही फुकटच.

सायलेन्सरवर मी सरळ काट मारली. सध्या पोलीस असे सायलेन्सर काढून घेऊन रोडरोलरखाली घालतात हे एक कारण, आणि दवाखान्यासमोरून असली गाडी गेली की पाळण्यातली मुले दचकून उठतात हे दुसरे. तिसरे कारण त्याच्या स्वतःच्या कानाचे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो, त्यापुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ताशी नव्वद-शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज नव्वदीच्या पुढे जातो. त्यात सायलेन्सरची भर कशाला? उलट हमरस्त्यावर तासन्‌तास जायचे तर कानात फेसाचे मऊ बोळे घालावेत. गावात मात्र घालू नयेत.

पेट्या घ्यायला हरकत नाही, पण जड सामान खाली आणि गाडीच्या मध्याजवळ ठेवावे. मागच्या उंच पेटीत जड सामान कोंबले की पुढचे चाक हलके होते आणि वेगात हँडल थरथरते. फॉग लाइट त्याने मनात धरलेच होते, तिथे मी हरलो. निदान समोरच्याच्या डोळ्यांत मारू नकोस, एवढे म्हटले.

पण मला बोलायचे होते ते वेगळ्याच गोष्टीवर. पेट्या बसवायला जागा व्हावी म्हणून मागच्या चाकाचा साडी गार्ड काढून टाकायचे त्याने ठरवले होते. "काका, ही साडी नेसतच नाही. ड्रेस घालते." मी विचारले, "आणि ओढणी?" तो गप्प झाला.

वाचकहो, मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि निम्मे मागचे चाक झाकणारी जाळी असलीच पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत १२३ वा नियम आहे. तो उगीच केलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एक शिक्षिका नवऱ्याच्या गाडीवरून देवाला निघाल्या होत्या. गाडी 'छान दिसावी' म्हणून जाळी काढलेली. गावाच्या वेशीवर, वेग जेमतेम वीस, पदर चाकात गेला आणि बाई मागे ओढल्या जाऊन डोक्यावर आपटल्या. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, त्यांच्या डोक्यावर नव्हते. त्याला खरचटलेही नाही. बाई तीन आठवडे मोठ्या इस्पितळात होत्या. जगल्या. पण वर्गातल्या मुलांची नावे आठवेनात म्हणून त्यांनी नोकरी सोडली. अजून महिन्याला फिटच्या गोळ्या लिहून घ्यायला येतात तेव्हा नवरा बाहेरच बसतो.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे देशात दुचाकीवर मेली. त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम दोघांनाही हेल्मेट घालायला सांगते, हे आपल्याला दंडाची पावती फाटेपर्यंत आठवत नाही. २००८ साली जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो असे आढळले. माझ्या औषधांच्या कपाटात इतके गुणकारी काही नाही.

त्याचे 'आहे तेच' हेल्मेट दुसऱ्या दिवशी मागवून पाहिले. अर्धे, हनुवटी उघडी, आठ वर्षांचे, एकदा जिन्यावरून गडगडलेले. हेल्मेटच्या आत थर्मोकोलचा थर असतो. डोक्याऐवजी तो चिरडला जातो, आणि एकदाच चिरडला जातो. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चकचकीत दिसले तरी बाद समजावे. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेले हेल्मेट विकायलाच बंदी आहे. तरी रस्त्याकडेला मिळते, ते घेऊ नये. पूर्ण चेहरा झाकणारे घ्यावे, गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि पट्टा लावून मागून वर ढकलले तर निघता कामा नये. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोहोचते.

गेल्या रविवारी दोघे नवरा-बायको दवाखान्यात आले. जाळी राहणार आहे, पेट्या दोनच आणि लहान घेतल्या आहेत. तिच्यासाठी जाकीट, हातमोजे आणि नवे हेल्मेट आणले होते. ते ती पिशवीतून काढायलाच तयार नव्हती. हेल्मेटने केस गळतात, असे तिच्या मैत्रिणीने सांगितले होते. मी सांगितले, केस गळायचे ते रक्त कमी झाल्याने, थायरॉइडने, बाळंतपणानंतर, नाहीतर आईबापांच्या वारशाने. हेल्मेटच्या आत घाम येतो, त्यासाठी खाली पातळ सुती रुमाल बांध आणि आतले अस्तर आठवड्याला धू. मग तिने ते घालून पाहिले तर मागून वर उचलले जात होते. अंबाडा आड येत होता. अंबाडा सोडून मानेलगत सैल वेणी घालून ये म्हटले, आणि तपासणीच्या खोलीत आरसा आहे तिकडे बोट दाखवले.