भरलेली कोठी आणि रिती ओंजळ

पाऊस लांबून रोवणी अडली की वैनगंगेकाठच्या घरांतून जपमाळेची प्रार्थना कशी कळकळीने होते! धान कोठीत पडले की मात्र ती मंदावते, असे आम्हांस दिसते. आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. तो शेतकऱ्याच्या श्रमांचा गौरव होय. परंतु नांगर आपण धरला, पाऊस आपण पाडला नाही. प्रभू येशूने वर्षाची बेगमी मागावयास शिकविले नाही. आजची भाकर मागावयास शिकविले, आणि तीही एकट्यासाठी नव्हे, सर्वांसाठी. म्हणून ज्याची कोठी भरलेली आहे, त्यानेही स्वर्गीय पित्यापुढे रोज ओंजळ पसरावी. जो नित्य मागतो, तो शेजाऱ्यास देताना हात आखडीत नाही. आज रात्री जेवणापूर्वी सहकुटुंब गुडघे टेका, अशी आमची विनंती आहे.