लहान खोली, घडीची भांडी

पेणकरपाड्यातल्या एका खोलीच्या संसारात स्वयंपाक, झोप आणि मुलांचा अभ्यास एकाच जागी चालतो. तिथे भांड्यांनी किती जागा अडवावी? घडीची विळी आपल्या ओळखीची आहे. पाते मिटले की ती फळीवर मावते आणि मुलांना लागण्याची भीतीही कमी होते. हल्ली सिलिकॉनची मिटणारी वाडगी मिळतात. चिरलेली भाजी ठेवायला ती बरी. मात्र गॅसच्या ज्योतीवर ठेवू नयेत. धुतल्यावर पुसूनच मिटावीत, नाहीतर घडीत ओल राहून बुरशी धरते. भरलेले भांडे मिटत नाही, म्हणून साठवणीला चौकोनी डबे घ्यावेत. ओळीने मांडलेल्या गोल डब्यांमध्ये फळीची सुमारे २१ टक्के जागा रिकामी राहते. ती वाचवा आणि मुलांच्या पुस्तकांना द्या.