पाकिटांतून आलेलं चित्र

दोस्तांनो, मामाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मध्येच त्याचा चेहरा चौकोन चौकोन होतो आणि थोड्या वेळानं पुन्हा स्वच्छ दिसतो. पाहिलंय ना? असं का होतं ते आज पाहू.

आधी थोडं गणित. १९९३ साली व्हिडिओ सीडी आली. तिच्यावरच्या एका चित्रात ३५२ × २८८, म्हणजे १,०१,३७६ ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रं, तर एका सेकंदाला होतात तब्बल ७६ लाख बाइट! सीडीवर मावतात सुमारे ६५ कोटी. म्हणजे दीड मिनिटात सीडी फुल्ल! पण प्रत्यक्षात तीवर ७४ मिनिटांचा सिनेमा बसायचा. कसा बरं?

युक्ती सोपी आहे. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या मागची भिंत हलत नाही. मग ती पुन्हा पुन्हा कशाला लिहायची? एक चित्र पूर्ण लिहायचं, त्याला आपण आधारचित्र म्हणू. त्यानंतर फक्त काय बदललं तेवढंच लिहायचं. शिवाय रंगांतले जे बारकावे आपल्या डोळ्यांना फारसे कळत नाहीत, ते गाळून टाकायचे. यालाच म्हणतात कॉम्प्रेशन.

नेटवर्कवरून पाठवताना हे सगळं लहान लहान पाकिटांत भरतात. पोस्टातल्यासारखंच, एखादं पाकीट उशिरा येतं, एखादं हरवतं. १९९६ साली आरटीपी नावाचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रत्येक पाकिटावर अनुक्रमांक आणि वेळेचा शिक्का असतो. रेकॉर्डिंग करणारं यंत्र ही पाकिटं जपून ठेवतं. परत दाखवताना ती क्रमानं लावून शिक्क्याच्या वेळेनुसार एकेक उघडतं. रेकॉर्डिंग मधूनच सुरू केलं, तर पुढचं आधारचित्र येईपर्यंत चित्र धड दिसत नाही, कारण बदल कशात करायचा तेच ठाऊक नसतं!

आता मामाचा चेहरा. एक पाकीट हरवलं की पुढचे बदल चुकीच्या चित्रावर बसतात, म्हणून ते चौकोन. नवं आधारचित्र आलं की मामा पुन्हा हसरा! सिनेमा पाहताना यंत्र थोडी पाकिटं आधीच साठवतं, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबतं. गप्पांमध्ये मात्र थांबून कसं चालेल? तिथे उशिरा आलेलं पाकीट फेकूनच द्यावं लागतं.

करून पाहा. चौकटीच्या वहीत ८ × ८ चौकोनांचं चित्र काढा. मित्राला फोनवर ते एकदा पूर्ण सांगा, मग फक्त बदललेले चौकोन सांगा. मुद्दाम एक निरोप गाळा, आणि शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवा!

आणि हो, एक गोष्ट आईबाबांनाही सांगा. एकदा गाळलेले बारकावे परत येत नाहीत. निरोपांच्या ॲपवरून व्हिडिओ पाठवला की बहुतेक वेळा तो पुन्हा दाबला जातो, आणखी काही गळतं. म्हणून आजीनं सांगितलेली गोष्ट रेकॉर्ड केली असेल, तर ज्या फोनवर केली त्यातली मूळ फाइल जपून ठेवा. पुढे पाठवलेली नव्हे, मूळ! काही वर्षांनी आजीच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती तुम्हांला हवीशी वाटेल, बरं का!